वेगळे न करता मोजणे: जॉर्ज द हेवेशी आणि रेडियम-डीचा प्रश्न

१९११ साली मँचेस्टर विद्यापीठात अर्नेस्ट रदरफर्ड यांनी पंचविशीतल्या एका हंगेरियन रसायनज्ञाला एक काम सोपवले. प्रयोगशाळेच्या तळघरात शेकडो किलो शिसे पडून होते. योआखिमस्थालच्या खाणीतील पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजातून रेडियम काढून घेतल्यावर उरलेले हे शिसे ऑस्ट्रियन सरकारकडून भेट म्हणून आले होते. त्यात ‘रेडियम-डी’ नावाचा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता. रदरफर्ड यांना तो प्रयोगांसाठी शुद्ध स्वरूपात हवा होता, परंतु शिशाच्या ढिगात विरलेला असल्यामुळे त्याचा उपयोग होत नव्हता. हे शिसे बाजूला काढून रेडियम-डी शुद्ध करून दे, एवढेच काम होते.

त्या रसायनज्ञाचे नाव जॉर्ज द हेवेशी. जन्म बुडापेस्टमध्ये, १ ऑगस्ट १८८५ रोजी. जवळजवळ दोन वर्षे निरनिराळ्या पद्धती वापरूनही त्यांना हे काम जमले नाही, आणि जमणे शक्यही नव्हते, कारण आज आपण ज्याला शिसे-२१० म्हणतो तेच हे रेडियम-डी. म्हणजे ते शिशाचेच एक रूप होते. या अपयशातून किरणोत्सारी दर्शकांची, म्हणजे पदार्थात किरणोत्सारी अणू मिसळून त्याचा माग काढण्याची, पद्धत निघाली आणि पुढे १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याच पद्धतीसाठी हेवेशी यांना मिळाले, ही हकीकत बहुतेक विज्ञानवाचकांना ठाऊक असते. या अभ्यासात मला एका वेगळ्या अंगाकडे लक्ष वेधायचे आहे. हेवेशी यांची कारकीर्द शिसे, हाफ्नियम, जैविक रसायने, विरल मृत्तिका (एकमेकांशी फार मिळतीजुळती धातू मूलद्रव्ये) अशा दूरदूरच्या विषयांत विखुरलेली दिसते. पण जे रासायनिकदृष्ट्या वेगळे करता येत नाही किंवा फार कष्टाने करता येते, ते वेगळे न करताच मोजायचे कसे, हा एकच प्रश्न तिच्या मुळाशी आहे. या प्रश्नाचे महत्त्व त्यांना इतरांच्या आधी कळले, याचे कारण त्यांचे मूळ शिक्षण विद्युत्‌रसायनातले होते, असे माझे मत आहे.

विद्युत्‌रसायनाची तयारी

हेवेशी यांनी १९०८ साली फ्रायबुर्ग येथे डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता वितळलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडशी धातुरूप सोडियमची होणारी क्रिया. वितळलेल्या क्षारातून विद्युत्‌प्रवाह सोडून सोडियम मिळवताना तयार झालेल्या धातूचा काही भाग पुन्हा द्रवात विरघळतो आणि उत्पादन घटते, या व्यवहारातल्या अडचणीशी तो विषय जोडलेला होता. त्यानंतर झुरिकला रिखार्ड लोरेन्झ यांच्या हाताखाली वितळलेल्या क्षारांचेच रसायन त्यांनी अभ्यासले आणि मग कार्ल्सरुहे येथे फ्रिट्झ हाबर यांच्याकडे काम सुरू केले. हाबर यांना रासायनिक क्रियेच्या वेळी धातूमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात का, हे तपासायचे होते. त्यासाठी वायूंमधील विद्युत्‌वहन मोजण्याचे तंत्र शिकणे आवश्यक होते, आणि ते शिकण्यासाठीच हेवेशी रदरफर्ड यांच्याकडे गेले.

विद्युत्‌रसायनज्ञाला धातूच्या आयनाकडे पाहण्याची एक विशिष्ट सवय असते. आयनावर किती विद्युत्‌भार आहे, द्रावणात त्याचे प्रमाण किती आहे आणि त्या प्रमाणाला तो इलेक्ट्रोडवर किती विभवाला (व्होल्टमध्ये मोजल्या जाणाऱ्या विद्युत पातळीला) निक्षेपित होतो, म्हणजे धातू होऊन बसतो, असे प्रश्न तो विचारतो. नेर्न्स्ट यांच्या समीकरणाप्रमाणे द्विसंयुजी आयनाचे द्रावण दहापट विरल केले, तर नेहमीच्या तापमानाला इलेक्ट्रोडचा विभव सुमारे ३० मिलिव्होल्टने सरकतो. याचा अर्थ दोन धातूंच्या विभवांत थोडासाही फरक असेल, तर त्या फरकाच्या आधारे त्यांना निदान अंशतः तरी वेगळे करता आले पाहिजे. रेडियम-डी आणि शिसे यांच्यात असा कोणताही फरक सापडू नये, ही गोष्ट साध्या विश्लेषकापेक्षा विद्युत्‌रसायनज्ञाला अधिक बोचणारी होती. साका पाडून, म्हणजे द्रावणातून घनरूपात तळाशी बसवून, पदार्थ वेगळा झाला नाही, तर पद्धत कच्ची आहे असे म्हणता येते. विभवातच फरक नसेल, तर मात्र ती गोष्ट पदार्थाच्या स्वभावाविषयीच काहीतरी सांगत असते.

मँचेस्टरमधल्या त्या काळात हेवेशी केवळ शिशाशी झुंजत बसले नव्हते. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे आयन द्रावणात किती वेगाने पसरतात, हे मोजून त्यांनी त्या मूलद्रव्यांची संयुजा ठरवली. विसरणाचा वेग आयनाच्या विद्युत्‌भाराशी निगडित असतो, हाही नेर्न्स्ट यांचाच नियम. या मूलद्रव्यांच्या उपलब्ध राशी इतक्या सूक्ष्म होत्या की त्यांचे एकही संयुग तराजूत तोलता आले नसते. तरीही त्यांची संयुजा कळली. किरणोत्सारी परिवर्तनात मूलद्रव्य आवर्त सारणीत कोणत्या दिशेने आणि किती घरे सरकते, हा नियम १९१३ साली सॉडी आणि फायान्स यांनी मांडला, आणि संयुजेची ही मापने त्याला पूरक ठरली. न तोलता येणाऱ्या पदार्थाचेही रसायन अभ्यासता येते, हा विश्वास हेवेशी यांच्यात इथेच पक्का झाला असावा.

व्हिएन्नामधील कलाटणी

व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत फ्रिट्झ पानेथ हेही याच प्रश्नावर स्वतंत्रपणे हात टेकून बसले होते. हेवेशी तेथे गेले आणि दोघांनी आपापल्या अपयशांची नोंद एकत्र केली. अंशतः स्फटिकीकरण, विद्युत्‌विश्लेषण, विसरण असे नाना उपाय झाले, पण शिसे आणि रेडियम-डी यांचे परस्परप्रमाण कशानेही बदलले नाही. दोघांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नकारात्मक निष्कर्ष काळजीपूर्वक लिहून काढला, की ‘किती मर्यादेपर्यंत वेगळे होत नाही’ हा आकडा हाती येतो, आणि पुढच्या सगळ्या मापनांची विश्वासार्हता त्याच आकड्यावर उभी राहते.

कारण पुढची पायरी अशी होती: रेडियम-डी शिशापासून कोणत्याही रासायनिक क्रियेत वेगळे होत नसेल, तर शुद्ध रेडियम-डी मुद्दाम साध्या शिशात मिसळावे, आणि मग ते शिसे जिथे जाईल तिथे किरणोत्साराच्या खुणेवरून त्याचा माग काढावा. शिशापासून मुक्त रेडियम-डी तळघरातल्या ढिगातून मिळणार नव्हते, पण त्याला दुसरी वाट होती. रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू ३.८ दिवसांच्या अर्धायुष्याने (म्हणजे दर ३.८ दिवसांनी निम्मा होत) क्षय पावतो आणि काही अल्पायुषी टप्प्यांनंतर रेडियम-डी उरते. व्हिएन्नाकडे रेडियमचा चांगला साठा होता. रेडॉन साठवलेल्या काचेच्या नळ्या काही काळाने आम्लाने धुतल्या, की भिंतींवर बसलेले रेडियम-डी द्रावणात येत असे.

दोघांनी १९१३ साली निवडलेला पहिला प्रश्न अगदी शुद्ध विश्लेषणात्मक होता: पाण्यात लेड सल्फाइड आणि लेड क्रोमेट किती विरघळतात? हे दोन्ही क्षार ‘अविद्राव्य’ समजले जातात. संपृक्त द्रावण आटवून जे उरते, ते इतके थोडे असते की तोलण्यातली चूकच त्याहून मोठी होऊ शकते. किरणोत्सारी दर्शक वापरल्यावर हिशेब पूर्ण बदलतो. समजा, १० मिलिग्रॅम शिशात एवढे रेडियम-डी मिसळले की इलेक्ट्रोस्कोपवर (किरणोत्सार मोजण्याच्या उपकरणावर) एकूण २०,००० एकके मोजली जातील. मग प्रत्येक एकक म्हणजे ०.०००५ मिलिग्रॅम शिसे. त्या शिशाचा क्रोमेट साका पाडायचा, तो पाण्यात घुसळून संपृक्त द्रावण करायचे, गाळायचे, आटवायचे आणि राहिलेल्या अवशेषाची क्रियाशीलता, म्हणजे किरणोत्साराची तीव्रता, मोजायची; तिच्यावरून किती शिसे विरघळले हे कळते. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत.)

मोजणीत एक बारीक अडचण होती. रेडियम-डीचे स्वतःचे बीटा किरण इतके दुर्बळ असतात की त्या काळच्या उपकरणाला ते जेमतेम जाणवत. प्रत्यक्षात मोजले जात ते त्याच्यापासून बनणाऱ्या रेडियम-ईचे, म्हणजे आजच्या बिस्मथ-२१० चे किरण. त्याचे अर्धायुष्य ५ दिवसांचे असल्याने नमुना तयार केल्यावर दोघांचा समतोल साधेपर्यंत सुमारे महिनाभर थांबावे लागते. रसायन एका दिवसात आटोपते, पण उत्तर महिन्याने मिळते. दर्शकपद्धतीची ही बाजू सोप्या वर्णनांत सहसा येत नाही; मात्र ती ध्यानात घेतल्याशिवाय तेव्हाचे संशोधन किती चिकाटीचे होते, हे कळत नाही.

या पद्धतीवर एक आक्षेपही घ्यायला हवा. गाळणीतून निसटून गेलेले सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण इलेक्ट्रोस्कोपला विरघळलेल्या शिशासारखेच दिसतात. दर्शक शिशाचे प्रमाण अचूक सांगतो, पण ते शिसे कोणत्या रूपात आहे हे सांगत नाही. अशा क्षारांच्या बाबतीत मिळालेला आकडा हा ‘गाळलेल्या द्रवातील एकूण शिसे’ असतो, आणि त्याला विद्राव्यता म्हणण्यापूर्वी रसायनज्ञाने आपली विवेकबुद्धी वापरावीच लागते. किरणोत्साराने मोजणी सूक्ष्म झाली. अर्थ लावण्याचे काम पूर्वीइतकेच अवघड राहिले.

त्याच सुमारास दोघांनी जे विद्युत्‌रासायनिक प्रयोग केले, ते मला या प्रकरणाचा खरा गाभा वाटतात. नेर्न्स्टचे समीकरण नेहमीच्या द्रावणांसाठी तपासले गेले होते. परंतु ज्या द्रावणातला धातू तोलताच येत नाही, इतक्या विरल द्रावणात ते लागू पडते का? रेडियम-ईच्या द्रावणात बिस्मथ घातले तर रेडियम-ईचे निक्षेपण बदलते, आणि दुसरा एखादा परका धातू घातला तर बदलत नाही, असे त्यांना आढळले. इलेक्ट्रोडला बिस्मथ आणि रेडियम-ई यांच्यात भेद करता येत नव्हता. तो दोघांच्या प्रमाणाची बेरीज करून एकाच विभवाने उत्तर देत होता. याला त्यांनी मूलद्रव्यांची विद्युत्‌रासायनिक परस्परबदलक्षमता म्हटले. सॉडी यांनी १९१३ च्या डिसेंबरमध्ये ‘आयसोटोप’ हा शब्द छापून वापरला. समस्थानिक म्हणजे आवर्त सारणीतल्या एकाच जागेवर बसणारे अणू, ही व्याख्या झाली. इलेक्ट्रोडवरच्या प्रयोगाने त्या एकाच जागेचा अर्थ मोजता येईल अशा रीतीने दाखवून दिला.

अर्थात तो नियम अमर्याद विरलतेपर्यंत जसाच्या तसा चालत नाही. शिशाच्या अणूंचा एकच थर एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर पसरवायला साधारण १०¹⁵ अणू, म्हणजे अर्ध्या मायक्रोग्रॅमहूनही कमी शिसे पुरते. निक्षेप त्याहून कमी असेल, तर इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग पूर्ण झाकलाच जात नाही. तेथे धातू आपल्याच धातूवर नव्हे, तर प्लॅटिनम किंवा सोन्यावर बसत असतो आणि त्या परक्या पृष्ठभागाशी असलेली त्याची जवळीक विभवात मिसळते. एका थराखालच्या या निक्षेपणाचा अभ्यास पुढे विद्युत्‌रसायनाची स्वतंत्र शाखाच बनला. व्हिएन्नामधल्या प्रयोगांनी हा प्रश्न सोडवला नसेल, पण तो विचारता येईल एवढ्या सूक्ष्म राशींपर्यंत विद्युत्‌रसायनाला नेले, हे श्रेय त्यांचेच आहे.

मधली वर्षे

पहिल्या महायुद्धाने काम खंडित झाले. १९२० च्या सुमारास हेवेशी यांनी दोन साधे पण दूरगामी प्रयोग केले. किरणोत्सारी शिशाचा थर साध्या शिशाला जोडून शिशाचे अणू शिशातच कसे हिंडतात हे त्यांनी मोजले. आणि झेखमाइस्टर यांच्यासह लेड नायट्रेट व लेड क्लोराइड एकत्र विरघळवल्यास दोघांतले शिसे पूर्ण मिसळते, सेंद्रिय संयुगात घट्ट बांधलेले शिसे मात्र मिसळत नाही, हे दाखवले. विरघळलेल्या क्षारातले आयन स्वतंत्र असतात, या कल्पनेचा इतका थेट पुरावा त्यापूर्वी नव्हता.

याच वर्षी ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे गेले. तेथे डिर्क कोस्टर यांच्यासोबत झिर्कोनियमच्या खनिजांत ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य त्यांना सापडले. १९२३ च्या जानेवारीत ते जाहीर झाले आणि कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याला हाफ्नियम म्हटले गेले. हाफ्नियम आणि झिर्कोनियम ही रसायनातली अत्यंत सारखी जोडी आहे. क्ष-किरणांच्या वर्णपटात हाफ्नियमच्या रेषा आधी दिसल्या. ते रासायनिकदृष्ट्या शुद्ध करण्याचे कष्ट नंतर घेतले गेले. शिसे आणि रेडियम-डी यांच्याशी दोन वर्षे झगडलेल्या माणसाला हा क्रम स्वाभाविक वाटला असणार. १९२३ सालीच किरणोत्सारी शिशाचे द्रावण घेवड्याच्या जातीच्या रोपांना देऊन मुळांत, खोडात आणि पानांत शिसे किती पोहोचते हेही त्यांनी मोजले. जीवशास्त्रातला दर्शकांचा हा पहिला उपयोग. तो विषय मोठा आहे. इथे त्याचा एवढा उल्लेख पुरे.

फ्रायबुर्ग: अपुऱ्या निक्षेपावरून पूर्ण उत्तर

१९२६ साली हेवेशी फ्रायबुर्गला प्राध्यापक झाले. तेथे १९३० नंतरच्या एक-दोन वर्षांत होबी यांच्यासह त्यांनी खडकांतील शिसे मोजण्याची जी पद्धत वापरली, तीत अणुविश्लेषण आणि विद्युत्‌रसायन प्रत्यक्ष हातात हात घालून येतात. ग्रॅनाइटसारख्या खडकात एका टनामागे जेमतेम दहा-वीस ग्रॅम शिसे असते. दगड विरघळवा, सिलिका काढा, इतर धातू बाजूला करा, मग शिसे पेरॉक्साइडच्या रूपात धनाग्रावर बसवा. या प्रत्येक पायरीत थोडे शिसे गळून पडते, आणि किती गळले हे कळण्याची सोय नसते.

उपाय असा की दगड विरघळवतानाच ज्ञात क्रियाशीलतेचे रेडियम-डी त्यात घालायचे. शेवटी धनाग्रावर बसलेला निक्षेप तोलायचा आणि त्याची क्रियाशीलताही मोजायची. निक्षेपात शिसे ३ मिलिग्रॅम भरले आणि मूळ क्रियाशीलतेच्या ६० टक्केच परत मिळाली, तर दगडात शिसे ५ मिलिग्रॅम होते. पूर्ण पृथक्करणाचा आग्रहच सोडून दिला, तरी उत्तर पूर्ण मिळते. विश्लेषणाच्या इतिहासात यापेक्षा सुटसुटीत कल्पना मला क्वचितच दिसते. समस्थानिक विरलन या नावाने ती आज ओळखली जाते. स्थिर समस्थानिक आणि वस्तुमान वर्णपटमापक (अणू वस्तुमानानुसार वेगवेगळे मोजणारे उपकरण) वापरून केलेले तिचे रूप रासायनिक मापनाच्या सर्वांत विश्वसनीय पद्धतींपैकी एक मानले जाते.

कोपनहेगन, १९३६

नाझी राजवट आल्यानंतर १९३४ साली हेवेशी फ्रायबुर्ग सोडून पुन्हा कोपनहेगनला आले. त्याच वर्षी जोलिओ-क्युरी दांपत्याने कृत्रिम किरणोत्सार शोधला आणि फर्मी यांनी न्यूट्रॉनच्या माऱ्याने एकेक मूलद्रव्य किरणोत्सारी करून पाहण्यास सुरुवात केली. बोर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, ऑक्टोबर १९३५ मध्ये, वर्गणी काढून त्यांना ६०० मिलिग्रॅम रेडियम भेट देण्यात आले. बेरिलियमच्या भुकटीत मिसळल्यावर एवढे रेडियम सेकंदाला कोटीच्या घरात न्यूट्रॉन देते.

हेवेशी यांच्याजवळ ऑस्ट्रियन रसायनज्ञ आउअर फोन वेल्सबाख यांच्याकडून आलेले विरल मृत्तिकांचे नमुने होते. ही मूलद्रव्ये एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की त्या काळी त्यांना वेगळे करायला स्फटिकीकरणाच्या शेकडो फेऱ्या लागत, आणि एकात दुसऱ्याची भेसळ किती आहे हे रासायनिक मार्गाने सांगणे जवळपास अशक्य होते. जर्मनीतून कोपनहेगनला आलेल्या तरुण भौतिकीतज्ज्ञ हिल्डे लेवी यांच्यासह हेवेशी यांनी या नमुन्यांवर न्यूट्रॉनांचा मारा केला. डिस्प्रोसियम विलक्षण तीव्रतेने किरणोत्सारी झाले. त्याची क्रियाशीलता सुमारे अडीच तासांत निम्मी होत होती. युरोपियमनेही सुमारे नऊ तासांच्या अर्धायुष्याची जोरकस क्रियाशीलता दाखवली. अशुद्ध इट्रियमच्या नमुन्यात डिस्प्रोसियमच्या अर्धायुष्याचा क्षय दिसला, तर तेथे डिस्प्रोसियम आहे हे निश्चित. आणि ज्ञात प्रमाणाचे मिश्रण त्याच स्थितीत, तेवढाच वेळ न्यूट्रॉनांपुढे ठेवून तुलना केली, की ते किती आहे हेही कळते. त्याच रीतीने गॅडोलिनियममधील युरोपियम मोजता आले. १९३६ साली डॅनिश अकादमीच्या पत्रिकेत हे काम प्रसिद्ध झाले, आणि न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणाची सुरुवात तेथून मानली जाते.

१९१३ आणि १९३६ ही कामे शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात वेगळे न होणारा अणू बाहेरून आणून मिसळला. दुसऱ्यात नमुन्यातल्याच अणूंना न्यूट्रॉनने खूण केली. दोन्हीकडे रासायनिक सारखेपणा ही अडचण होती आणि दोन्हीकडे अणुगर्भातला फरक मदतीला आला. आपल्याला काय वेगळे करता येत नाही, याची काटेकोर नोंद ठेवण्याची शिस्त नसती, तर डिस्प्रोसियमची ती क्रियाशीलता केवळ आणखी एका अर्धायुष्याची नोंद म्हणून तक्त्यात राहिली असती.

या पद्धतीची मर्यादा तिच्या मूळ तत्त्वातच आहे. न्यूट्रॉन शोषण्याची अणुगर्भाची क्षमता आणि तयार होणाऱ्या समस्थानिकाचे अर्धायुष्य यांवर सारे अवलंबून असल्यामुळे सोने, मँगॅनीज, आर्सेनिक, युरोपियम यांच्या अत्यल्प राशी दिसतात, पण काही मूलद्रव्ये जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांत शिसे येते. पाण्यातले किंवा रक्तातले शिसे शोधायचे असेल, तर विश्लेषक आजही अनेकदा विद्युत्‌रसायनाकडे वळतो: ऋण विभव देऊन शिसे इलेक्ट्रोडवर साठवायचे, मग विभव हळूहळू धन दिशेला सरकवत ते उतरवायचे आणि त्या वेळी वाहणारा प्रवाह मोजायचा. म्हणूनच अणुविश्लेषण आणि विद्युत्‌रसायन हे एकमेकांना पर्याय मानणे मला चुकीचे वाटते. एकाची आंधळी जागा दुसऱ्याला स्पष्ट दिसते.

१९३६ नंतर काही वर्षे सक्रियण विश्लेषण फारसे कोणी वापरले नाही, कारण रेडियम-बेरिलियमचे न्यूट्रॉन तुटपुंजे होते. अणुभट्ट्या आल्यावर चित्र पालटले. मुंबईत तुर्भे येथील ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. नमुने न्यूट्रॉनांपुढे ठेवण्याची आणि किरणोत्सारी समस्थानिक देशातच बनवण्याची सोय तिच्यामुळे झाली, आणि फॉस्फरस-३२ सारखे दर्शक भारतीय प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले. हेवेशी यांनी १९३५ साली उंदरांच्या हाडांतली देवघेव मोजली होती ती याच फॉस्फरस-३२ ने.

या प्रकरणातल्या सहकाऱ्यांची नावे त्याच्याशी नीट जोडलेली राहिली पाहिजेत. पारितोषिक एकट्या हेवेशी यांना मिळाले, पण १९१३ चे निबंध पानेथ यांच्याशिवाय लिहिले गेले नसते आणि १९३६ ची मोजणी लेवी यांच्याशिवाय झाली नसती. लेवी यांनी पुढे कोपनहेगनमध्ये कार्बन-१४ वरून पुरातन वस्तूंचा काळ ठरवण्याची प्रयोगशाळा उभारण्यात भाग घेतला, जिथे विरल मृत्तिकांपेक्षाही कितीतरी क्षीण असलेले बीटा किरण मोजायचे होते. आणि १९८५ साली हेवेशी यांचे चरित्र त्यांनीच लिहिले.